बटण निखळण्याचा इतिहास

लॅपटॉपचं एखादं बटण निघून हातात येणं ही काही इतिहासात नोंद व्हावी अशी घटना नव्हे. पण गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एकाचं 'एन' निखळलं आणि सर्व्हिस सेंटरने त्याला जे उत्तर दिलं, ते ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. "सर, सिंगल की मिळत नाही. टॉप कव्हर चेंज करावं लागेल." टॉप कव्हर म्हणजे काय, तर सगळी बटणं, त्यांच्याखालचा पत्रा, हात टेकवायची जागा, टचपॅडची चौकट, सगळं एकत्र. एका 'एन'साठी! दाराची कडी निघाली म्हणून सुताराने भिंत पाडायला सांगावी तसला प्रकार. (पठ्ठ्याने ते 'एन' घरी बसून स्वतःच लावलं, वीस मिनिटांत. कसं, ते पुढे येईलच.)

बटणं काही आज निघायला लागलेली नाहीत. टंकलेखन यंत्र निघालं तेव्हापासून ती निघतायत, अडकतायत, सैल होतायत. मग एका बटणाची दुरुस्ती अर्ध्या मशीनपर्यंत जाऊन पोचली कधी? चार शनिवार-रविवार यात घातले. जे सापडलं ते असं.

सुरुवात टाइपरायटरपासून. ख्रिस्तोफर शोल्स, कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युअल सूल या तिघांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी गावात बसून जे यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १८६८ चं. बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून ते बाजारात आणलं. पुढच्या काळातल्या टाइपरायटरचं बटण बघितलंय का कधी जवळून? एक छोटी धातूची वाटी, तिच्यात छापील अक्षराची कागदी चकती, वर काच, आणि हे सगळं धरून ठेवणारं गोल कडं. कडं सैल झालं की काच खडखडते. त्यासाठी एक खास पक्कड मिळायची, तिचं काम एवढंच - कडं काढायचं आणि परत दाबून बसवायचं. बटणाखाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जोडण्या, शेवटी अक्षराचा खिळा. दांडा वाकला तर हाताने सरळ करा. धूळ बसली तर ब्रश मारा. सगळं उघडं, सगळं डोळ्यांना दिसणारं.

आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर काढला आणि शेवटी शेवटी तो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनायचा. २००९ च्या सुमारास ते उत्पादन थांबलं. पण त्यानंतरही कोर्टाबाहेरचे टायपिस्ट वर्षानुवर्षं त्याच मशीन्स वापरत राहिले, याचं कारण सोपं आहे. नवीन मशीन बनणं थांबलं तरी जुनी दुरुस्त होणं थांबलं नाही. एखादा सुटा भाग नसलाच, तर दुसऱ्या मेलेल्या मशीनचा काढून लावता यायचा.

आता एकदम शंभरेक वर्षं उडी मारून संगणकाकडे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्याच्यासोबतचा कीबोर्ड 'मॉडेल एफ'. मग १९८५ च्या सुमाराला आला तो सुप्रसिद्ध 'मॉडेल एम'. प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्प्रिंग. बटण दाबलं की स्प्रिंग आधी सरळ दबते आणि एका क्षणाला फटकन बाजूला वाकते, तोच तो 'खटॅक' आवाज. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे वेळ पडली तर चोर हाकलायलाही उपयोगी :) यातल्या बहुतेक बटणांची टोपी दोन भागांत होती, आतला खांब वेगळा आणि वरचं अक्षराचं टोपण वेगळं. टोपण नखाने ओढून काढायचं, साबणाच्या पाण्यात धुवायचं, वाळवून परत दाबायचं. टोपण निघणं हा तिथे बिघाड नव्हताच, ती सोय होती.

पण याच आयबीएमने १९८३ च्या नोव्हेंबरमधे एक मोठा घोळ घातला, आणि तो मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. घरगुती वापरासाठी त्यांनी 'पीसीज्युनियर' नावाचा स्वस्तातला संगणक जाहीर केला. त्याचा कीबोर्ड बिनतारी होता, आणि बटणं म्हणजे रबरी, सुटी सुटी, च्युइंगगमच्या चौकोनी गोळ्यांसारखी. लोकांनी त्याला 'चिकलेट कीबोर्ड' असं नाव ठेवलं आणि अक्षरशः धुतला. टाइप करताना वैताग यायचा. शेवटी १९८४ च्या मध्यावर आयबीएमने माघार घेतली. नेहमीसारख्या बटणांचा नवा कीबोर्ड काढला आणि ज्यांनी आधी मशीन घेतलं होतं त्यांना तो फुकट दिला.

हे जमलं कसं? कारण कीबोर्ड ही वेगळी वस्तू होती. जुना बाजूला ठेवा, नवा खोक्यातून काढा, झालं. संगणकाचा एक स्क्रूसुद्धा उघडायची गरज नव्हती. हा मुद्दा लक्षात असू द्या, पस्तीस वर्षांनी परत लागणार आहे.

लॅपटॉप आला आणि कीबोर्ड मशीनच्या पोटात शिरला. सुरुवातीला जाडीची कोणाला फिकीर नव्हती. १९८९ चा 'मॅकिंटॉश पोर्टेबल' सव्वासात किलोच्या आसपास भरायचा, त्यात टेबलावरच्या कीबोर्डसारखे पूर्ण उंचीचे स्विच आरामात बसायचे. (त्याला पोर्टेबल म्हणणाऱ्याच्या मांडीला साष्टांग नमस्कार.) पण मशीन पातळ व्हायला लागलं तशी स्प्रिंग गेली आणि तिच्या जागी रबराची छोटीशी घुमटी आली. त्या घुमटीखाली प्लास्टिकच्या कागदांचे तीन थर. वरच्या आणि खालच्या कागदावर वीजवाहक शाईच्या रेषा छापलेल्या, मधल्या कागदाला नुसती भोकं. बटण दाबलं की घुमटी खाली जाते, भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटतं.

म्हणूनच गंमत अशी, की लॅपटॉपच्या बटणाची टोपी निघाली तरी अक्षर मरत नाही. बोटाने रबरी घुमटी दाबा, 'एन' बरोबर उमटतो. निखळलेला भाग हा विजेच्या अंगाने काहीच करत नसतो. त्याचं काम एकच, बोटाचा दाब सरळ खाली नेणं. कोपऱ्यावर दाबलं तरी बटण कलंडता कामा नये.

आणि हे कलंडणं थांबवायला १९९० च्या दशकात लॅपटॉपांमधे रूढ झाली ती कात्री. म्हणजे प्लास्टिकच्या दोन चौकटी, एकीच्या आत दुसरी, मधोमध खिळीने जोडलेल्या. इस्त्रीच्या टेबलाचे पाय आठवा, फुली मारल्यासारखे, अगदी तसेच. दाबलं की आडवे होतात, सोडलं की घुमटी त्यांना परत उभं करते. चौकटीचं एक टोक आकड्यात अडकून नुसतं फिरतं, दुसरं खाचेत पुढेमागे सरकतं. सगळा मामला दोन-तीन मिलिमीटर उंचीत. मला विचाराल तर लॅपटॉपमधला हा सगळ्यात सुंदर यांत्रिक भाग आहे, आणि त्याची तारीफ कोणी करत नाही.

आता त्या 'एन'कडे येतो. लॅपटॉप बंद करायचा आणि मोबाइलचा टॉर्च लावून चार गोष्टी बघायच्या: टोपीच्या खालची नाजूक आकडी शाबूत आहेत का, कात्रीच्या कडेच्या बारीक पिना मोडल्यात का, घुमटी जागेवर आहे का, आणि खालच्या पत्र्यातून वर आलेले हूक वाकलेत का. बहुतेक वेळा काहीच तुटलेलं नसतं. कात्रीची एक पिन हुकातून सुटलेली असते, नाहीतर खाली बिस्किटाचा कण असतो. अशा वेळी कात्री आधी पत्र्यावर बसवायची (आधी टोपीला लावून मग सगळं मिळून दाबायचा मोह होतो, बऱ्याच मॉडेलमधे तसं केलं की पिन मोडते). कात्री बोटाने वरखाली होतेय याची खात्री करायची, मग टोपी बरोबर वर ठेवून दाबायची. टिक् असा आवाज आला की झालं. नुसतं 'बसल्यासारखं वाटलं' म्हणजे बसलं नाही. कुठली बाजू वर हे कळेना, तर शेजारचं एक बटण हलक्या हाताने उचलून आतली रचना बघून घ्यायची. स्पेस, एंटर, शिफ्ट अशा लांब बटणांना शिवाय एक पोलादी तार असते. ती पत्र्याच्या कानात आधी अडकवायची, नाहीतर बटण एका बाजूने डुगडुगतं.

घुमटी सुटली असेल तर तिच्या फक्त कडेला सिलिकॉनचा पातळ गोंद, सुईच्या टोकाने. इन्स्टंट ग्लू नको. तो पसरतो, कडक होतो आणि घुमटीचा रबरीपणाच घालवतो. हूक वाकला असेल तर चिमट्याने हळूच सरळ होतो. पण हूक तुटला तर मात्र संपलं, तो पत्र्याचाच भाग असतो.

कात्रीच मोडली असेल तर एक जुनी युक्ती सांगतात: कमी लागणाऱ्या बटणाची काढून इथे लावा. इंग्रजीवाले सांगतात 'क्यू'ची काढा, तो कोणाला लागतो! इथे आपली पंचाईत होते. इन्स्क्रिप्टवर टंकत असाल तर 'क्यू'वर 'ौ' बसलाय. चौकशी, मौज, दौरा, सौदा.. सगळ्यांवर पाणी. आणि 'डी' निखळलं तर विचारूच नका, तिथे हलन्त आहे. बहुतेक जोडाक्षरं धड टंकता येणार नाहीत. घुमटी दाबत बसावं लागेल.

असो. कात्रीचा जमाना हा दुरुस्तीच्या दृष्टीने तसा बरा जमाना होता. थिंकपॅडसारख्या मशीनमधे खालचे मोजके स्क्रू काढले की अख्खा कीबोर्ड उचलून बाहेर यायचा. आयबीएम आणि नंतर लेनोव्हो त्याच्या दुरुस्तीच्या पुस्तिका सगळ्यांसाठी खुल्या ठेवायचे, प्रत्येक भागाच्या क्रमांकासकट. म्हणजे बटण जमलं नाही तर कीबोर्ड, आणि तो बदलायला दहा मिनिटं.

मग २०१५ चा मार्च उजाडला. ॲपलने १२ इंची मॅकबुक दाखवलं. जाडी १३.१ मिलिमीटर. त्यासाठी कात्री काढून टाकली आणि तिच्या जागी 'बटरफ्लाय', म्हणजे फुलपाखराच्या पंखांसारखी मधे बिजागरी असलेली यंत्रणा आणली. रबरी घुमटीऐवजी पोलादाची चकती. कात्रीपेक्षा ४० टक्के पातळ असा कंपनीचा दावा होता, आणि बटण अजिबात कलंडत नाही हे खरंच होतं. २०१६ च्या ऑक्टोबरमधे हीच कल्पना सुधारून मॅकबुक प्रोमधे आली. बटण खाली जायचं ते जेमतेम अर्धा मिलिमीटर.

अर्ध्या मिलिमीटरमधे धुळीच्या कणाला बाजूला व्हायला जागा उरत नाही. कात्रीखाली खडा गेला तर बटण कुरकुरतं, पण बहुतेक वेळा चालतं. फुलपाखराखाली बारीकसा कण गेला की अक्षर एकतर उमटतच नाही, नाहीतर दोनदा उमटतं. ॲपलने साफसफाईची जी अधिकृत कृती दिली ती वाचण्यासारखी आहे: लॅपटॉप ७५ अंशात तिरका धरा, डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा डावीकडून उजवीकडे मारा, मग मशीन एका कुशीवर वळवून पुन्हा, मग दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा. दीड लाखाचं मशीन तव्यावरच्या भाकरीसारखं उलटंपालटं करायचं!

टोपी काढून साफ करावं म्हटलं तर फुलपाखराच्या बिजागऱ्या इतक्या नाजूक, की काढतानाच तुटायच्या. मग कीबोर्ड बदलू? तर २०१६ च्या प्रोमधे कीबोर्ड वरच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला रिव्हेटने ठोकलेला. आणि त्याच कवचाला बॅटरी चिकटवलेली. म्हणजे 'एन'खाली कण गेला, तर कवच, सगळी बटणं आणि चांगली चालणारी बॅटरी, तिन्ही एकदम बदलायचं. वॉरंटी संपलेल्यांना याची बिलं शेकडो डॉलरची आली.

२०१८ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला. जूनमधे ॲपलने जगभरासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, मशीन विकल्यापासून चार वर्षं. जुलैमधे नवीन मॅकबुक प्रो आले, ते आयफिक्सिटवाल्यांनी उघडले तर फुलपाखराभोवती सिलिकॉनचं पातळ आवरण निघालं. बाहेर सांगताना कंपनी म्हणत होती की बदल आवाज कमी करण्यासाठी आहे, पण तंत्रज्ञांसाठीच्या अंतर्गत कागदपत्रात लिहिलं होतं की आवरण कचरा आत जाऊ नये म्हणून आहे. हे कागद फुटले आणि सगळीकडे छापून आले.

तरी तक्रारी थांबेनात. २०१९ च्या मार्चमधे वॉल स्ट्रीट जर्नलच्या जोआना स्टर्न यांनी आपला स्तंभ मुद्दाम 'ई' आणि 'आर' ही अक्षरं गाळून छापला, कारण त्यांच्या मॅकबुकची तीच बटणं दगा देत होती. (इन्स्क्रिप्टवर हीच दोन बटणं म्हणजे काना आणि दीर्घ वेलांटी. मराठीत हा लेख कसा दिसला असता याची कल्पना करून बघा.) ॲपलने त्यावर दिलगिरी व्यक्त केली, पण त्रास थोड्याच लोकांना होतोय हे सांगायला विसरले नाहीत. आणि २०१९ च्या नोव्हेंबरमधे १६ इंची मॅकबुक प्रो आला, तो चक्क कात्री घेऊन! बटणाचा प्रवास परत एक मिलिमीटर. २०२० च्या मे महिन्यात शेवटचं मॉडेलही बदललं आणि फुलपाखरू संपलं.

दाव्याचा निकाल लागायला अजून वेळ गेला. २०२२ च्या जुलैमधे ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली, २०२३ मधे कोर्टाने ती अंतिम मान्य केली. चूक कबूल केली नाही, हे ओघाने आलंच. ज्यांचं कवच दोनदा किंवा जास्त वेळा बदलावं लागलं त्यांना ३९५ डॉलरपर्यंत, एकदा बदललं त्यांना १२५ पर्यंत, नुसत्या टोप्या बदलल्या त्यांना ५० पर्यंत. तेही फक्त अमेरिकेतल्या सात राज्यांत खरेदी केलेल्यांना. पुण्या-मुंबईत तेच मशीन, तोच कीबोर्ड घेणाऱ्याच्या वाट्याला या पैशातलं काही आलं नाही.

आता १९८४ आणि २०१८ शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मोठी कंपनी, दोन्हीकडे फसलेला कीबोर्ड, दोन्हीकडे फुकट बदली. माझ्या मते फसण्यात काही विशेष नाही, नवीन करून बघणारा कधीतरी फसणारच. फरक पडला तो जोडणीमुळे. आयबीएमला फसलेला भाग तेवढा बाजूला करता आला. ॲपलला तो करता येईना, कारण तो भाग आता भाग उरलाच नव्हता. त्यामुळे दर दुरुस्तीत चांगली बॅटरी आणि चांगलं कवच विनाकारण बाहेर पडत होतं, आणि वर तोच दोष असलेला नवा कीबोर्ड बसत होता. म्हणूनच तर 'दोनदा किंवा जास्त वेळा' असा गट करावा लागला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. रिव्हेटमुळे कीबोर्ड मधे दबत नाही, स्क्रूपेक्षा जागा कमी लागते, जोडणीचा वेळ वाचतो. पण हे सगळे फायदे कारखान्याच्या बाजूचे आहेत आणि खर्च येतो तो तीन वर्षांनी, दुसऱ्याच माणसाच्या खिशावर. आणि हे फक्त ॲपलचं नाही. मध्यम किमतीच्या कितीतरी विंडोज लॅपटॉपांमधे आज कीबोर्ड टॉप कव्हरला प्लास्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी चिकटवलेला असतो. आमच्या टीममधलं 'एन' असंच होतं.

यावर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काय करतात? सोल्डरिंग आयर्न घेतात, पन्नास-साठ खुंट्यांची डोकी एकेक करून वितळवून काढतात, कीबोर्ड उचलतात, नवा ठेवतात आणि उरलेल्या प्लास्टिकलाच परत चटका देऊन नवी डोकी बनवतात. कुठल्याही पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं. आणि मेलेल्या कीबोर्डांचा ढीग असतोच, त्यातून त्याच मॉडेलची टोपी आणि कात्री शोधून काढून देतात. टाइपरायटरवाले करायचे तेच, फक्त भाग बारीक झालेत.

कायद्याच्या बाजूने हालचाल आहे, पण अंगाने. फ्रान्समधे २०२१ च्या जानेवारीपासून लॅपटॉप विकताना त्यावर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागतात, आणि ते गुण देताना सुट्या भागाची किंमत धरली जाते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमधे, म्हणजे नेमका ॲपलच्या तडजोडीच्या महिन्यात, दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी ॲपलने स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सुटे भाग विकायला काढले. ऑगस्टमधे मॅकबुकचा नंबर लागला, तर तेव्हा मॅकबुक प्रोची नुसती बॅटरी हवी असलेल्यालाही कवच आणि कीबोर्डसकट घ्यावी लागत होती. उलट्या टोकाला २०२१ साली आलेली फ्रेमवर्क नावाची छोटी कंपनी, तिच्या लॅपटॉपचा कीबोर्ड सुटा मिळतो.

तोपर्यंत एक करा. बटण निघालंच तर टोपी, कात्री आणि रबर मिळून एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घाला आणि पुडी चार्जरच्या पाऊचमधे टाका. टोपी लोक जपून ठेवतात, पण कात्री केरात जाते, आणि त्या गल्लीत ढीग उपसायला लागतो तो बहुधा कात्रीसाठीच.